अब्बांचा नंबर आणि कंपनी बदलण्याचा हक्क

आमच्या गावच्या घरी मोबाइलची रेंज पडवीच्या उजव्या खांबापाशी येते. माजघरात येत नाही, अंगणात येत नाही, फक्त त्या खांबाला टेकून उभं राहिलं की येते. अम्मीचा फोन तिथे खिळ्याला पिशवीत टांगलेला असतो. मी पुण्याहून फोन केला की ती आधी म्हणते, “थांब, खांबापाशी येऊ दे.”

अलीकडे त्या खांबानेही साथ सोडली. आवाज तुटतो, फोन लागतच नाही, कधी कधी दोन-दोन दिवस ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ एवढंच ऐकू येतं. अम्मी सत्तरी ओलांडलेली, घरात एकटी. शेजारच्या घरी दुसऱ्या कंपनीचं सिम आहे आणि त्यांना माजघरात बसूनही बोलता येतं. म्हणजे उपाय साधा होता, कंपनी बदलायची. मी अम्मीला तसं म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने एकच प्रश्न विचारला, “तुझ्या अब्बांचा नंबर जाईल का?”

मी लगेच “नाही” म्हणालो, आणि ते खरंही होतं. पण हे ‘नाही’ म्हणता येणं किती अलीकडचं आहे, हे नंतर लक्षात आलं. २०११च्या आधी तिने हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर ‘हो’ असतं. कंपनी सोडायची तर नंबरही सोडावा लागे. हा बदल कसा झाला आणि त्यातून माणसाच्या हाती नेमकं काय आलं, ते सांगायचं म्हणून हा लेख.

खांबाच्या आधी

आमचं गाव मंडणगड तालुक्यातलं, सावित्रीच्या खाडीकडचं. कोकणातल्या बऱ्याच मुस्लिम घरांप्रमाणे आमच्या घरातला कमावता माणूस समुद्रापलीकडे होता. अब्बा कुवेतला क्रेन चालवत. माझ्या लहानपणी त्यांचा आवाज कॅसेटमधून यायचा. सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या हाती ते कॅसेट पाठवत, आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून ती ऐकत असू आणि तिच्याच दुसऱ्या बाजूला आमचं बोलणं भरून परत पाठवत असू. एका प्रश्नाचं उत्तर यायला दोन-तीन महिने लागत.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि तिथला संपर्कच तुटला. फोन नाही, पत्र नाही. अम्मी रोज रेडिओ ऐकायची. आठवड्यातून दोनदा चुलते एसटीने मंडणगडला जात, तिथल्या बूथवरून मुंबईच्या नातेवाइकांना फोन लावून काही कळलं का ते विचारत. एक लाखाहून अधिक भारतीयांना पुढे अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणलं गेलं. अब्बा त्यातल्याच एका विमानाने मुंबईत उतरले. मधल्या जवळपास दोन महिन्यांत ते जिवंत आहेत की नाहीत, हे आम्हाला माहीत नव्हतं.

हे सांगण्याचं कारण एवढंच की, कोणती फोन कंपनी चांगली या प्रश्नाकडे आमच्या घरात कोणी फक्त पैशांच्या हिशेबाने पाहिलेलं नाही. फोन लागतो की नाही, ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी येते.

फोन उचलण्याचे पैसे

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५चा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना तो केला. सुरुवातीला गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांहून जास्त दर होता आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. त्यामुळे फोन वाजला की लोक आधी नंबर बघत आणि मग उचलायचा की जवळचा पीसीओ गाठायचा ते ठरवत.

सरकारने देशाची ‘सर्कल’मध्ये विभागणी केली होती. मुंबईचं सर्कल वेगळं आणि उरलेल्या महाराष्ट्राचं, गोव्यासह, वेगळं. सुरुवातीला एकेका सर्कलमध्ये दोनच खासगी कंपन्यांना परवाना मिळाला. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल, तर उर्वरित महाराष्ट्रात बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. म्हणजे ग्राहकाला निवड होती ती दोघांतच.

१९९९च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरचा ठरावीक परवाना शुल्काचा बोजा काढून त्याऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. २००२ साली बीएसएनएलची मोबाइल सेवा आली. २००३ साली फोन करणाराच पैसे देईल, ही पद्धत आली आणि येणारा कॉल फुकट झाला. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट द्यायला सुरुवात केली. मोबाइल रिक्षावाल्याच्या आणि भाजीवाल्याच्या खिशात गेला तो इथून पुढे. ‘मिस्ड कॉल’ची भाषाही याच काळातली. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोहोचलो.

अब्बा तेव्हा कायमचे गावी परतले होते. २००४च्या रमजानआधी त्यांनी मोबाइल घेतला. त्या नंबराचे पहिले चार आकडे इथे सांगत नाही, कारण ते सांगणं म्हणजे कंपनीचं नावच सांगणं. त्या काळात नंबर बघून कंपनी ओळखता येई. ९८२० म्हणजे मुंबईचं मॅक्स टच, ९८२१ म्हणजे मुंबईचं बीपीएल, ९८२२ म्हणजे महाराष्ट्रात बिर्ला, ९४२२ म्हणजे बीएसएनएल. पुण्यात तर ९८२२ने सुरू होणारा नंबर असणं हे जुन्या, प्रतिष्ठित ग्राहकाचं लक्षण समजलं जाई.

कंपनीचं नाव बदललं तरी चालतं

मुंबईच्या मॅक्स टचचं २००० साली ‘ऑरेंज’ झालं, मग ‘हच’ झालं, २००७ साली ‘व्होडाफोन’ झालं. २०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या आणि २०२० साली ‘व्ही’ हे नाव आलं. आयडिया म्हणजे पूर्वीची बिर्ला एटी अँड टी. मुंबईतल्या एखाद्या ग्राहकाने १९९५ साली सिम घेऊन काहीच केलं नसेल, तरी त्याच्या बिलावरचं नाव चार वेळा तरी बदललं असेल. मालक बदलले, रंग बदलले, जाहिराती बदलल्या. या बदलांसाठी ग्राहकाला कोणी विचारलं नाही.

ग्राहकाला मात्र कंपनी बदलायची असेल तर वेगळा न्याय होता. नंबर कंपनीच्या मालिकेतला, म्हणून तो तिथेच सोडून जायचा. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, गावभरच्या डायऱ्यांत लिहिलेला नंबर एका दिवसात निकामी. त्या वेळच्या रिलायन्सच्या सीडीएमए फोनमध्ये तर सिमच नसे. नंबर हँडसेटमध्येच भरलेला, म्हणजे कंपनी सोडताना फोनही टाकून द्यायचा. त्यामुळे लोक वैतागत, शिव्या देत आणि त्याच कंपनीत राहत. कंपन्यांनाही हे ठाऊक होतं. नव्या ग्राहकाला सवलत आणि जुन्याला जुनाच दर, हा प्रकार त्यातूनच आला.

रोहतक ते सारा देश

नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय जगात पहिल्यांदा सिंगापूरने १९९७ साली दिली. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००६ साली तशी शिफारस केली. जुन्या कंपन्यांचा सूर विरोधाचा होता. खर्च मोठा आहे, गरज नाही, दर आधीच कमी आहेत, असे त्यांचे मुद्दे. नियम २००९च्या सप्टेंबरमध्ये आले. महानगरं आणि मोठ्या सर्कलसाठी त्या वर्षाअखेरची मुदत ठरली. ती टळली, मग पुढचीही टळली. अखेर २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणातल्या रोहतकमधून सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११पासून ही सोय देशभर लागू झाली. तरीही तेव्हा आपल्याच सर्कलमध्ये राहावं लागे. मुंबईचा नंबर घेऊन पुण्यात कायमचं यायचं तर अडचण होतीच. ती ३ जुलै २०१५ रोजी सुटली.

यामागची यंत्रणा समजायला सोपी आहे. देशाचे दोन भाग करून प्रत्येकी अकरा सर्कलसाठी एकेक मध्यस्थ संस्था नेमली गेली. कोणता नंबर आज कोणत्या कंपनीकडे आहे, याची नोंद तिथे राहते. आपण फोन लावला की आपली कंपनी आधी त्या नोंदीनुसार पाहते आणि मग कॉल योग्य ठिकाणी पाठवते. पहिले चार आकडे बघून रस्ता ठरवण्याची जुनी पद्धत अशी मोडली. आता ९८२२चा नंबर कोणत्याही कंपनीचा असू शकतो.

ग्राहकाने करायचं ते एवढंच. ‘पोर्ट’ लिहून पुढे आपला नंबर टाकायचा आणि १९००वर संदेश पाठवायचा. आठ अक्षरी-अंकी कोड येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. डिसेंबर २०१९च्या सुधारित नियमांनुसार त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत आणि दुसऱ्या सर्कलमध्ये पाच दिवसांत काम व्हायला हवं. २०२४च्या अखेरपर्यंत देशात अशा विनंत्यांची एकूण संख्या शंभर कोटींच्या पुढे गेली होती.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. रोहतकच्या दोनच महिने आधी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढच्या काही वर्षांत आधार, बँक, गॅस, पेन्शन, सगळं मोबाइल नंबरला जोडलं गेलं. ओटीपी आला नाही तर माणसाचे स्वतःच्या खात्यातले अनेक व्यवहार अडतात. नंबर बदलण्याची सक्ती आजही असती तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहा. हा हक्क वेळेत मिळाला, नाहीतर माणूस कंपनीकडे कायमचा गहाण पडला असता.

कंपनीच सोडून गेली तर

हा हक्क आला तो ग्राहकाला नकोशी कंपनी सोडता यावी म्हणून. प्रत्यक्षात तो अनेकदा उपयोगी पडला तो कंपनीनेच ग्राहकाला सोडलं तेव्हा.

२ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. नोव्हेंबर २०१४मध्ये मुंबईतल्या लूप मोबाइलचा, म्हणजे पूर्वीच्या बीपीएलचा, परवाना संपला. एअरटेलने ती विकत घेण्याचा व्यवहार त्याआधीच फिसकटला होता. ज्यांच्याकडे एकोणीस-एकोणीस वर्षं ९८२१चा नंबर होता, त्या मुंबईकरांना घाईघाईने दुसरं घर शोधावं लागलं. २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आली, सुरुवातीचे महिने सगळं फुकट देऊ लागली आणि बाकीच्यांचं गणित विस्कटलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७च्या अखेरीस आपली मोबाइल कॉलची सेवा बंद केली. २०१८च्या सुरुवातीला एअरसेल दिवाळखोरीत गेली.

दहा-बारा कंपन्या होत्या तेव्हा त्यातली एक सोडून दुसरीकडे जाण्याचा हक्क नव्हता. हक्क आला आणि कंपन्या उरल्या तीन, शिवाय बीएसएनएल. त्यानंतरची गोष्ट अम्मीच्या घरी थेट जाणवली. २०१८च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्ज सुरू केला. दर महिन्याला ठरावीक पैसे भरले नाहीत तर काही दिवसांनी येणारे फोनही बंद. अम्मी फोन करत नाही, ती फक्त आलेले फोन घेते. २००३ साली फुकट झालेला येणारा कॉल पंधरा वर्षांत असा मागच्या दाराने पुन्हा विकत घ्यावा लागला. जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. त्या महिन्यात बीएसएनएलकडे एकोणतीस लाखांच्या आसपास ग्राहक वाढले. वैतागलेल्या माणसाला जायला जागा असली की तो जातो. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएससाठी वेगळे रिचार्ज ठेवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं, तेव्हा इंटरनेट न वापरणाऱ्या अम्मीसारख्यांना थोडा दिलासा मिळाला.

टॉवर कोणाचा, नंबर कोणाचा

हे सगळं वाचून झाल्यावर मी अम्मीच्या फोनचा प्रश्न पुन्हा हातात घेतला आणि दोन गोष्टींपाशी अडलो.

पहिली गोष्ट टॉवरची. आपण कंपनी बदलतो, पण टॉवर बदलतो का? २००७ साली एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स उभी केली, तेव्हापासून एकाच टॉवरवर अनेक कंपन्यांची यंत्रं असणं सर्रास झालं. वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली तर त्यावरच्या सगळ्या कंपन्या एकदमच गप्प होतात. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या तालुक्याने हे अनुभवलं. पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि फोन मेले. मी पाच दिवस पुण्यात बसून होतो. तेव्हा अब्बा हयात होते. सहाव्या दिवशी त्यांच्या नंबरावरून फोन आला, “घर आहे. अम्मी ठीक आहे. कौलं गेली.” एवढंच बोलणं झालं आणि लाइन तुटली. मला १९९०चा ऑगस्ट आठवला होता.

म्हणून या वेळी जाहिरात आणि दरपत्रक बाजूला ठेवलं. अम्मीच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत शेजाऱ्यांच्या कंपनीचं स्वस्त सिम घातलं आणि पावसाळ्याचे दोन महिने ते वापरून पाहिलं. वीज गेल्यावर किती वेळ आवाज येतो, माजघरात येतो का, पलीकडच्या डोंगरावरचा टॉवर पावसात टिकतो का, हे तिला रोज विचारून वहीत लिहीत गेलो. नवं सिम सरस ठरलं. त्यांचा टॉवर वेगळा होता आणि वीज गेल्यावर बराच जास्त वेळ चालू राहत होता. गावाकडे कंपनी बदलायची असेल तर ही एकच परीक्षा खरी, असं माझं मत झालं आहे.

दुसरी गोष्ट नावाची. ती मला आधी सुचलीच नव्हती. अब्बा २०२१च्या मे महिन्यात गेले. सिम आजही त्यांच्याच नावावर होतं. पोर्ट करायचं तर नव्या कंपनीसमोर ग्राहकाने स्वतः ओळख पटवावी लागते. मृत माणूस ती कशी पटवणार? आधी नंबर वारसाच्या नावावर करायला हवा होता आणि तो अर्ज चालू असेपर्यंत पोर्ट होत नाही. मृत्यूचा दाखला, अम्मीचं आधार, आम्हा भावंडांची संमती असं सगळं घेऊन मी कंपनीच्या दुकानात गेलो. पहिल्यांदा काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, “नवा नंबर घ्या ना, सोपं पडेल.” दुसऱ्यांदा फॉर्म संपले होते. तिसऱ्या खेपेला काम झालं. नवं सिम दिल्यामुळे पुढचे सात दिवस पोर्टचा कोड मिळणार नव्हता. सिमची चोरी करून कोणी नंबर पळवू नये म्हणून जुलै २०२४पासून हा नियम आहे. तो योग्यच आहे.

अम्मीला मात्र या सात दिवसांत दुसरीच काळजी लागली होती. “त्यांचं नाव काढलं का?” तिने विचारलं. मी म्हणालो, “कागदावरून काढलं. आता तुझं आहे.” ती म्हणाली, “माझ्या नावावर तर आजवर काहीच नव्हतं.” आणि ते खरं आहे. घर अब्बांच्या नावावर, बाग आजोबांच्या नावावर, रेशनकार्डावरही कित्येक वर्षं पहिलं नाव अब्बांचं. सरकारच्या दृष्टीने नंबर ही मालमत्ता नाही, तो राष्ट्रीय संसाधनाचा भाग आहे आणि आपल्याला फक्त वापरायला दिलेला आहे. तरीही अम्मीच्या एकटीच्या नावावर झालेली ही पहिली गोष्ट.

आठव्या दिवशी मी गावी होतो. १९००वर संदेश अम्मीकडूनच पाठवायचा ठरलं. तिला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून मी लिहिला आणि बटण तिने दाबलं. संदेश जुन्या सिमवरून जायचा होता, म्हणून आम्ही दोघं खांबापाशी उभे होतो. दोनदा गेला नाही. तिसऱ्यांदा गेला आणि कोड आला. पाचव्या दिवशी अब्बांचा नंबर नव्या सिमवर सुरू झाला. मध्ये रविवार आल्याने तीनाचे पाच झाले.

आता अम्मी माजघरात बसून बोलते. खांबावरचा खिळा आहे, पिशवी मात्र तिने काढून ठेवली आहे. कुवेतहून अब्बांचे एक जुने साथीदार ईदला फोन करतात. या ईदलाही त्यांनी २००४पासून त्यांच्या डायरीत असलेला तोच नंबर फिरवला आणि अम्मीने तो उचलला. मध्ये कंपनी बदलली, हे त्यांना कळलंही नाही. हा हक्क याच्यासाठीच तर होता.